बूकू म्हणजे किती? एका शब्दाच्या अनुवादाचं प्रकरण

व्हिएतनाममध्ये लढलेला एक अमेरिकन शिपाई जुन्या चकमकीबद्दल बोलतोय: "दे हॅड बूकू ॲमो. वी हॅड टीटी." छापील इंग्रजीत 'बूकू' दोन तुकड्यांत, मधे जोडरेघ घालून आलंय. वाक्य नमुन्यासाठी बेतलेलं आहे, पण त्यातले दोन्ही शब्द त्या युद्धातल्या शिपायांच्या रोजच्या तोंडचे. ते मराठीत आणायचं.

पहिला खर्डा असा पडू शकतो: "त्यांच्याकडे बू-कू दारूगोळा होता. आमच्याकडे टी-टी." वाचणाऱ्याला वाटतं, बू-कू ही काडतुसांची कुठलीशी चिनी जात असणार. दुसऱ्या वाक्यात तो पुरताच फसतो, कारण टीटी नावाचं सोव्हिएत पिस्तूल खरोखरच आहे, टोकारेव्हचं टीटी-33, आणि त्याची चिनी नक्कल व्हिएतनाममध्ये वापरातही होती. म्हणजे चुकीचा अर्थ नुसता जुळतो असं नाही, तो वर अभ्यासपूर्णही वाटतो. तळटीप द्यायला निघालेला अनुवादक इथेच खड्ड्यात जातो.

खरा अर्थ साधा आहे. त्यांच्याकडे गोळ्या भरपूर होत्या, आमच्याकडे अगदी थोड्या. 'बूकू' म्हणजे 'मर्सी बोकू'मधला फ्रेंच 'बोकू': पुष्कळ. टीटीमागे व्हिएतनामी 'ती' आहे, इवलंसं या अर्थाचा. फ्रेंचमध्ये लहान म्हणजे 'पती' (नवऱ्याशी संबंध नाही). दोन्ही कानाला इतके जवळचे की शिपायाला फरक करायची गरजच नव्हती.

इथवर कोश आणून सोडतो. पण "त्यांच्याकडे पुष्कळ दारूगोळा होता" असं लिहिलं की वाक्य शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातलं होतं आणि बोलणारा शिपाई त्यातून निघून जातो. 'पुष्कळ' हे उत्तर बरोबर आहे आणि बिनकामाचंही. कामाचं उत्तर हवं असेल तर हा शब्द इंग्रजीत कुठल्या दारानं आला ते बघावं लागतं. दारं एकाहून जास्त आहेत आणि प्रत्येक दाराचं मराठी वेगळं आहे.

आधी कानानं वाचा

फ्रेंच लेखनात या शब्दाला आठ अक्षरं लागतात: बी, ई, ए, यू, सी, ओ, यू, पी. उच्चारात ध्वनी चारच: ब, ओ, क, ऊ. पहिली तीन स्वराक्षरं मिळून एक 'ओ', पुढची दोन मिळून 'ऊ', आणि शेवटचा पी एरवी मुका. पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला तर कधीमधी जागा होतो. ज्यानं हा शब्द कधी छापलेला पाहिलाच नाही, नुसता ऐकला, तो ही आठ अक्षरं कुठून आणणार? तो बीपुढे दोन ओ आणि सीपुढे दोन ओ लिहून मोकळा होतो. कुणी सीच्या जागी के घालतो. कुणी सरळ बी-यू-के-यू.

यातून कामापुरता एक नियम निघतो: स्पेलिंग फ्रेंचपासून जितकं लांब, तितका शब्द कानानं शिकलेला. नियम आंधळेपणानं लावायचा नाही, कारण मधे संपादक बसलेला असतो. शिपाई 'बूकू' म्हणाला तरी छापताना कोशातलं रीतसर स्पेलिंग घालणारे असतात. ध्वनिमुद्रण हाती असेल तर तेच ऐकावं.

'बो'चा 'बू' कसा झाला हेही एकदा तोंडात घोळवून बघण्यासारखं आहे. अमेरिकन 'ओ' मुळात सरळ नसतोच. सुरू होतो ओवर, संपतो उवर. त्यावर जोर नाही आणि पुढच्याच अक्षरात लांब 'ऊ' वाट बघत उभा. ओठ आधीपासूनच गोल करून ठेवले की 'बूकू' आपोआप होतं.

दुसरी खूण वाक्यातल्या जागेची. इंग्रजीत मोजता येणाऱ्या गोष्टींना 'मेनी', न येणाऱ्यांना 'मच'. बूकू दोघांनाही चालतं: बूकू ट्रक्स, बूकू रेन. मराठी वाचकाला यात नवल नाही; खूप ट्रक, खूप पाऊस. इंग्रजीत असं दोन्हीकडे चालणारं 'प्लेंटी' आणि 'लॉट्स' आहेत, पण त्यांना मधे 'ऑफ'ची खुंटी मारावी लागते. बूकूला लागत नाही. नामाच्या आधी एखादा अनोळखी शब्द असा उघडाच बसलेला दिसला, आणि त्या जागी 'खूप' घालून पुढचं-मागचं सगळं नीट लागलं, तर ते विशेषनाम नाही, ब्रँड नाही, प्रमाण सांगणारा शब्द आहे. वरच्या वाक्याला ही चाचणी लावायला अर्धं मिनिट पुरतं. तेवढं केलं असतं तर टोकारेव्हच्या पिस्तुलापर्यंत जावंच लागलं नसतं.

एक चांगला टोला

फ्रेंचमध्ये 'बो' म्हणजे सुंदर, छान. 'कू' म्हणजे टोला, फटका, घाव. हा 'कू' लॅटिनमार्गे थेट ग्रीकपर्यंत मागे जातो, तिथे तो गुद्दा आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांत लष्करानं सत्ता बळकावली की जो 'कू' छापून येतो तो हाच. तर 'बो कू', छानसा टोला, याचा अर्थ 'चांगला मोठा ढीग' कसा झाला? मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. आपण सपाटून जेवतो. सडकून ताप येतो. दणकून पाऊस पडतो. सपाटा, सडकणं, दणका, सगळे मारहाणीचे शब्द, आणि तिन्हींचा अर्थ आता 'भरपूर'. फ्रेंचांनी नामाला विशेषण जोडून जे केलं ते मराठीनं '-ऊन' लावून केलं.

बोकूच्या आधी फ्रेंचमध्ये 'मुल्त' होता, लॅटिन 'मुल्तुम'वरून आलेला. इटालियन 'मोल्तो', स्पॅनिश 'मूचो' आणि गोव्यातल्या जुन्या पिढीच्या कानावरून गेलेला पोर्तुगीज 'मुयतु' ही सगळी त्याच घरची भावंडं. बाकीच्या बहिणींनी घर राखलं, फ्रेंचनं मुल्त मोडीत काढून तिथे 'चांगला टोला' बसवला. आज मुल्त फ्रेंचमध्ये गंमत म्हणून, जुनाट थाटात बोलायचं असेल तेव्हाच येतो.

इंग्रजीत येताना या शब्दाचं व्याकरण दोन ठिकाणी बदललं आणि अनुवादाच्या दृष्टीनं हे बदल महत्त्वाचे आहेत.

पहिला बदल गळतीचा. फ्रेंचमध्ये बोकू हे मुळात क्रियाविशेषण: 'इल पार्ल बोकू', तो फार बोलतो. नामापर्यंत जायचं तर मधे 'द' लागतो: 'बोकू द तां', भरपूर वेळ. हा 'द' इतका तोकडा उच्चारतात की परक्या कानाला तो आलाच नाही तर नवल नाही. इंग्रजीत तो गेला. अमेरिकेच्या दक्षिणेत काही जण 'बूकूज ऑफ' म्हणतात. तिथे पडलेल्या दाताच्या जागी इंग्रजी दात बसवलाय इतकंच.

दुसरा बदल वाढीचा. फ्रेंच माणूस साध्या विशेषणाच्या आधी बोकू लावत नाही. 'फार वेडा' म्हणायला तिथे 'त्रे' येतो. व्हिएतनाममधला शिपाई मात्र बेधडक 'बूकू डिंकी डाउ' म्हणायचा. डिंकी डाउ म्हणजे व्हिएतनामी 'दिएन काय दाउ', डोकं फिरलेला. प्रमाणाचा शब्द इथे तीव्रतेचा झाला. मराठीत 'खूप' आणि 'लई' या दोन्ही खुर्च्यांवर बसतात: खूप पैसे, खूप वेडा, लई पैसं, लई येडा. 'भरपूर' आणि 'बक्कळ' दुसऱ्या खुर्चीवर बसत नाहीत. बक्कळ वेडा असं कुणी म्हणत नाही. पन्नास ठिकाणी बूकू आलेल्या मजकुरात शोध-बदल करून सगळीकडे 'भरपूर' टाकणाऱ्याचा घात नेमका इथे होतो.

कुठल्या दारानं आला

सगळ्यात जुनं दार लुइझियानाचं. न्यू ऑर्लिन्स फ्रेंचांनी 1718 साली वसवलं. 1803 मध्ये तो सगळा मुलूख अमेरिकेनं विकत घेतला. लोक मात्र तिथेच राहिले आणि फ्रेंच बोलत राहिले. 1921 च्या राज्यघटनेनं तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजीची सक्ती केली आणि मुलांच्या तोंडची फ्रेंच आटत गेली. वाक्यं गेली, शब्द उरले. 'लान्याप' हा तसलाच एक: गिऱ्हाइकाला दुकानदार वर फुकट देतो ती चिमूट, आपल्या पाणीपुरीवाल्याची शेवटची सुकी पुरी. 'बूकू' त्याच फळीवरचा. तिथली आजी "बूकू कझिन्स" म्हणते तेव्हा ती विनोद करत नसते, परकी भाषाही बोलत नसते. तिच्यासाठी तो घरचा शब्द आहे, आणि मराठीतही तो घरचाच हवा: "भावंडं मायंदाळ." इथे 'चिक्कार' घातलं तर आजी एकदम कॉलेजात जाते.

दुसरं दार पहिल्या महायुद्धाचं. अमेरिका 6 एप्रिल 1917 ला युद्धात उतरली आणि नोव्हेंबर 1918 च्या युद्धबंदीपर्यंत सुमारे 20 लाख अमेरिकन शिपाई फ्रान्सला पोचले. इंग्रज त्यांच्या तीन वर्षं आधीपासून तिथे होते. खंदकांच्या मागच्या गावांमधून छोटी खानावळवजा दुकानं असत. तिथे अंडी, तळलेले बटाटे आणि स्वस्त वाइन मिळे. अशा गल्ल्यावर उभं राहून काम भागवायला किती फ्रेंच लागते? फार तर पाच शब्द. किती, पुष्कळ, संपलं, लवकर, असू दे. त्यातले चार इंग्रजीत राहून गेले, उच्चाराची मोडतोड होऊन. 'तू द स्वीत'चं 'टूट स्वीट' झालं. 'सा न फे रियां', म्हणजे काही बिघडत नाही, याचं 'सॅन फेरी ॲन' झालं, जणू कुणी ॲन नावाची बाई. 'इल नी आं ना प्लू', आता उरलं नाही, याचं 'नापू'. आणि चौथा बोकू.

नापू आणि बोकू ही जोडी एकत्रच बघावी. एक संपल्याचा शब्द, एक असल्याचा. नापूचा अर्थ पुढे 'मेला' असाही झाला. मराठीत त्याला तयार कपडा आहे: खलास. माल खलास, माणूसही खलास. आणि तोही आपल्याकडे अरबीतून असाच हातोहात येऊन पोचलेला. नापूसाठी 'समाप्त' लिहिणाऱ्याला नापूच म्हणावं.

इंग्रज शिपायाला हे नवीन नव्हतं. 'ब्लायटी' हे मायदेशाचं नाव त्यानं 'विलायती'वरून केलं होतं, 'चिट' चिठ्ठीवरून, 'कुशी' खुशीवरून. आणि डिंकी डाउचा थोरला भाऊ तर आपल्या नाशिकजवळचा आहे. देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले गोरे शिपाई जहाजाची वाट बघत महिनोन् महिने बसून राहत. कंटाळा, उकाडा, दारू, ताप. त्यावरून डोकं फिरलेल्याला 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. डूलॅली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे ताप. टॅप गळाला, 'डूलॅली' इंग्लंडमध्ये अजून चालतो. सैन्य परमुलखातून वेडाला आणि ढिगाला शब्द घेऊन परतलं, हे दोनदा दिसतं.

तिसरं दार व्हिएतनामचं, आणि आपलं वाक्य याच दारातलं. 1858 ला फ्रेंचांनी दानांगवर हल्ला केला, तिथपासून 7 मे 1954 ला दिएन बिएन फूचा फ्रेंच लष्करी तळ पडेपर्यंत फ्रेंच अंमल कुठल्या ना कुठल्या रूपात होता. गोऱ्या साहेबाशी बोलायला नोकरचाकर आणि दुकानदारांनी जी मोडकी फ्रेंच घडवली तिला 'तेय बोइ' म्हणत, म्हणजे घरगड्यांची फ्रेंच. अमेरिकन मरीन 8 मार्च 1965 ला दानांगच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा फ्रेंच जाऊन जेमतेम 11 वर्षं झाली होती. समोरच्या चाळीस वर्षांच्या दुकानदाराची 29 वर्षं फ्रेंच अमलात गेलेली. नवा गोरा साहेब आला. त्याच्याशी बोलायला त्यानं जुन्या साहेबाचे शब्द काढले. बोकू त्यातलाच. जोडीला इंग्रजी 'नंबर वन' आणि 'नंबर टेन'.

ऐकणाऱ्या पोराला ते व्हिएतनामी वाटणं साहजिक होतं. पण व्हिएतनामीत 'पुष्कळ'ला 'न्येऊ' आहे. बोकू हा त्या संभाषणातल्या दोघांच्याही आईच्या भाषेतला शब्द नव्हता. मासळीबाजारात कोळीण आणि बंगाली गिऱ्हाईक ज्या हिंदीत भाव करतात, ती हिंदी दोघांचीही नसते, हे तसंच. यातून अनुवादाला किल्ली मिळते, ती पुढे वापरली आहे.

'नंबर टेन'ला मात्र जपून. त्या बोलीत नंबर वन म्हणजे सर्वोत्तम आणि नंबर टेन म्हणजे सगळ्यात भिकार. पहिल्याला मराठीत 'एक नंबर' जसंच्या तसं बसतं. त्या झोकात दुसऱ्याला 'दसनंबरी' लिहिलं की तो माणूस बदमाश होतो, पोलिसांच्या वहीतला. अर्थ निसटला. तिथे 'एकदम रद्दी' चांगलं.

चौथं दार पैशाचं: 'बोकू बक्स', 'बोकू डॉलर्स'. इथे स्पेलिंग बहुधा शुद्ध फ्रेंच असतं, बोलणारा टाय लावलेलाही असू शकतो, आणि ब-ब जुळल्याची मजा तो घेत असतो. नॉर्मनांनी 1066 मध्ये इंग्लंड घेतल्यापासून फ्रेंच शब्द इंग्रजीत वरच्या मजल्यावर राहत आलेत. दरबार, न्यायालय, जेवणाचं टेबल. बोकू फ्रेंचमध्ये रोजचा सरळ शब्द, इंग्रजीत येऊन तळमजल्यावरचा झाला, आणि 'बोकू बक्स' म्हणणारा तळमजल्यावरून वरच्या मजल्याची नक्कल करतो. मराठीत 'बक्कळ पैसा' इतकं नेमकं बसतं की शंका यावी. ब आणि क दोन्ही जुळतात, अर्थ जुळतो, म्हणून बक्कळ फ्रेंचवरून आला असं ठोकून देणारे भेटू शकतात. तसं काही नाही. दोन व्यंजनं जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. शब्द हातोहात पोचल्याची वाट दाखवावी लागते. बोकूची ती वाट अमेरिकेपर्यंत दिसते, सातारा-कोल्हापूरपर्यंत दिसत नाही.

जाता जाता एक. 'आ गोगो' हाही फ्रेंचमधला सुकाळाचाच शब्द, 'हवं तितकं' अशा अर्थाचा. तोही इंग्रजीत आला, पण अर्थ दाराबाहेर ठेवून. लॉस एंजेलिसमधल्या 1964 सालच्या 'व्हिस्की आ गो गो'सारख्या क्लबांमधून तो लोकांच्या तोंडी बसला आणि गो-गो म्हणजे नाच असंच झालं. बोकूनं अर्थ सोडला नाही, कारण तो गल्ल्यावर वापरात होता. पाटीवरच्या शब्दाचा अर्थ बदलला तरी धंदा चालतो, गल्ल्यावरच्या शब्दाचा बदलला तर हिशोब चुकतो.

मराठीचं कपाट

मराठीत या अर्थाचे शब्द इतके आहेत की अडचण टंचाईची नाही, निवडीची आहे. 'विपुल' आणि 'पुष्कळ' संस्कृतातून आलेले, छापील. 'मुबलक' आणि 'बेसुमार' फारसीच्या वाटेनं आलेले. मुबलक आता पाणीपुरवठ्याच्या बातमीत राहायला गेलाय, आणि बेसुमारला नापसंतीचा वास आहे: बेसुमार वृक्षतोड म्हणतात, बेसुमार आनंद सहसा नाही. 'रग्गड' आणि 'बक्कळ' पैशाच्या, मालाच्या बाजूचे. 'चिक्कार' गर्दीला आणि तरुण तोंडाला. 'जाम' मुंबईचा. 'लई' आणि 'मायंदाळ' गावाकडचे. शिवाय मापाचे शब्द: खंडीभर, पोत्यानं, ढिगानं. आणि वर सांगितलेले मारहाणीचे.

'लई'चा मोह सगळ्यात मोठा. तो दोन्ही खुर्च्यांवर बसतो, दोनच अक्षरांचा आहे, आणि उपशीर्षकात जिथे ओळीला जेमतेम 40-42 चिन्हांची जागा असते तिथे हे छोटं सुख नाही. पण एका वाक्यात 'लई' आणि पुढच्या वाक्यात 'त्यानंतर आम्ही माघार घेतली' असं झालं की शिपाई अर्धा कोल्हापूरचा आणि अर्धा आकाशवाणीचा दिसतो. लई वापरायचा तर माणसाची पूर्ण बोली गावाकडची करावी लागते, आणि मग टेक्सासचा पोरगा साताऱ्याचा का वाटतो याला उत्तर लागतं. ते उत्तर नसेल तर कुठल्याही जिल्ह्याचा शिक्का नसलेले, तरीही बोलीतले शब्द घ्यावेत. मापाचे आणि मारहाणीचे शब्द इथे कामाला येतात, कारण ते सगळ्या महाराष्ट्राचे आहेत.

निवड मग नामाकडे बघून होते. बूकूच्या पुढे वस्तू असेल, गोळ्या, सिगारेटी, ट्रक, तर पोत्यानं, ढिगानं. पुढे पैसा असेल तर बक्कळ. पुढे जे आहे ते खरं तर क्रिया असेल तर सपाटून, दणकून. 'बूकू फायर' म्हणजे भरपूर आग नव्हे, अंगावर आलेला गोळीबार, "रात्रभर सपाटून गोळीबार." पुढे विशेषण असेल तर यातलं काहीच चालत नाही. तिथे मराठीकडे जोडीचे शब्द आहेत: ठार वेडा, पिवळा धमक, काळा कुट्ट. 'बूकू डिंकी डाउ' हा लेफ्टनंट मग "ठार येडा" होतो आणि बूकू हा शब्द मराठीत दिसतसुद्धा नाही. तो दिसायलाच हवा असा हट्ट धरू नये.

मूळ शब्द तसाच ठेवायची वेळही येते: पात्र त्या शब्दाबद्दलच बोलत असेल, त्यावर हसत असेल किंवा तो कुठून शिकलो ते सांगत असेल तर. तेव्हा पहिल्या येण्यालाच शेजारी अर्थ पेरावा: "बूकू माल आहे, हवा तेवढा घ्या." कंसात अर्थ दिला की वाचक दचकून थांबतो. 'मर्सी बकेट्स' हा 'मर्सी बोकू'चा अमेरिकन वात्रटपणा. त्याला 'बादलीभर आभार' सरळ चालतं.

राहिला व्हिएतनामी माणसाच्या तोंडचा बूकू. शिपाई बोलतो तेव्हा ते त्याचं इंग्रजी. दुकानदार बोलतो तेव्हा ती तिसरीच भाषा. दोघांना एकच मराठी शब्द दिला तर दृश्यातला हा फरक पुसला जातो. कोळणीची आणि बंगाल्याची हिंदी इथे कामाला येते: 'बहोत'. मराठीत या शब्दाची गत बोकूसारखीच आहे. जुन्या पत्रांच्या शेवटी 'बहुत काय लिहिणे' येतं तेव्हा तो दरबारी असतो. बाजारात 'बहोत महंगा' येतो तेव्हा तो परक्याशी बोलायचा. अक्षरं जवळपास तीच, दार वेगळं. व्हिएतनामी दुकानदाराला दुसऱ्या दारातला द्यायचा, तोही जपून, एकदोन वाक्यांपुरता. जास्त झालं की दानांगचा बाजार भेंडीबाजार होतो.

सगळं लावून त्या वाक्याच्या आसपासचा तुकडा असा उतरतो. मूळ इंग्रजी तुटक आहे, म्हणून 'होत्या', 'होता' जिथे निघतील तिथे काढलेत ('जी आय' म्हणजे अमेरिकन शिपाई):

"त्यांच्याकडे गोळ्या पोत्यानं. आमच्याकडे चिमूटभर. रात्रभर सपाटून गोळीबार. लेफ्टनंट म्हणतो, पुढे चला. ठार येडा. सकाळी कोक विकणारं पोरगं आलं, आमच्याकडे बघून म्हणालं, तुम बहोत येडा, जी आय. बहोत."